टाऊन हॉलच्या खांबावरचा मुळ्याचा पाला

बारामतीच्या टाऊन हॉलचे खांब दगडाचे आहेत असं लोक सांगतात. दगडाचे नाहीत. आत वीट आहे, वर चुना. मी स्वतः थापलाय.

तीस सालाच्या पुढची गोष्ट, इंग्रज अजून होता. मी गवंडी, बायको चुन्याच्या घाणीवर. बैलामागं फिरून चुना दळायचा, मग पाट्या वर पोचवायच्या, हे तिचं काम. साहेबाच्या नकाशात उंच गोल खांब होते, वर जाताना बारीक होणारे. त्यांच्यावर त्रिकोणी कपाळ, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्याशी पानांचा गुच्छ. पान कुठलं ते कुणालाच कळेना. मिस्त्रीनं आयुष्यभर देवळं बांधलेली, तो म्हणाला, "कमळ काढा."

"कमळाला असल्या कातरलेल्या कडा कुठं असत्यात?" मी म्हणालो.

दुपारी भाकरीचं फडकं सोडलं. बायकोनं सांगवीहून, माहेरच्या मळ्यातला मुळा आणला होता, पाल्यासकट. तो नकाशाशेजारी धरून म्हणाली, "आवं, ह्यो मुळाच हाय की."

मिस्त्री हसला. "साहेब मुळा लावंल व्हय कचेरीला?"

"खात असंल तर लावंल."

दुसरं काही सुचत नव्हतं. मुळ्याचाच पाला केला. शिरा काढायला माझी बोटं जाड, म्हणून ती परांचीवर चढली आणि डावीकडच्या पहिल्या खांबावर, ओल्या चुन्यात, बांगडीच्या तुकड्यानं शिरा ओढल्या. साहेब आला, मान वर करून बघितलं आणि गेला. ते पान कुठल्याशा परदेशी झाडाचं होतं, असं फार वर्षांनी एका मास्तरनं मला सांगितलं. असेल.

ती जाऊन आता वर्ष होत आलं. तिचा फोटो नाही, कधी काढलाच नाही. म्हणून मी हॉलसमोर जाऊन बसतो. पण दर दिवाळीला सफेदीवर सफेदी चढते. पानाचा नुसता गोळा झालाय.

यंदा रंगाऱ्याला म्हणालो, "तेवढा एक खांब सोड."

"आबा, बाकीचे पांढरे आन् एकच मळका? मला कामावरनं काढत्याल."

"मग वर गेलास की हात फिरवून बघ. शिरा लागत्यात का."

तो चढला. पानावरून अंगठा फिरवला. "लागत्यात, आबा. बारीक."

खरं बोलला की म्हाताऱ्याचं मन राखलं, कळलं नाही. त्यानं कुंचला बुडवला.

"पातळ मार," मी म्हणालो, आणि उठलो.