हेल्गाबाईंचा ऑर्केस्ट्रा धाहरानला येतो

सौदीतल्या दम्मामच्या विमानतळावर लेकीनं पहिला प्रश्न विचारला, "बाबा, फणसपोळी आणलीत?" बापाची चौकशी त्यानंतर. गुडघ्यामुळे आई येऊ शकली नाही म्हणून तिनं जरा तोंड पाडलं, पण फणसपोळी निघाल्यावर तेही सावरलं.

धाहरानच्या कंपनी वसाहतीत सगळी घरं एकाच साच्यातली. पहिल्याच सकाळी फिरून आलो आणि खुशाल शेजारच्या दाराची बेल वाजवली. दार उघडलं ते पांढऱ्या केसांच्या एका जर्मन बाईंनी. "या, सगळेच चुकतात," असं इंग्रजीत म्हणून त्यांनी मला आत घेतलं आणि कॉफी दिली. या हेल्गाबाई. मुलाकडे राहायला आलेल्या. जन्मभर जर्मनीतल्या एका रेडिओच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोला (व्हायोलिनची थोरली बहीण) वाजवलेला. मी रत्नागिरीच्या रेडिओ केंद्रात जन्मभर रेकॉर्डिंग केलेलं. मग काय विचारता! लेक मला शोधायला बाहेर पडली तेव्हा आमची तिसरी कॉफी चालू होती.

त्यांच्या फ्रिजवर एक तिकीट लावलं होतं. त्यांचाच ऑर्केस्ट्रा त्या आठवड्यात धाहरानला वाजवायला येणार होता.

"मग जाणार ना?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि कप विसळायला उठल्या.

कार्यक्रमाच्या दिवशीच हेल्गाबाई आणि मी हुफूफ गाव बघायला गेलो. गाडी लतीफची. तो राजापूरचा, इथं पंधरा वर्षं ड्रायव्हर. दीड तास नुसती वाळू, आणि मग एकदम खजुराची बनं, पाटाचं पाणी, गार सावली. जेवायला हसावी भात (इथला लाल तांदूळ) आणि त्यावर मटण. पहिला घास घेतला आणि पेजेची आठवण झाली. आमच्याकडचाच तांदूळ, फक्त अरबी बोलायला लागलेला.

जेवताना हेल्गाबाई आपणहून बोलू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांचं गाव बेचिराख झालं, आणि उरलेल्या वादकांना रेडिओनं एका शाळेच्या व्यायामशाळेत गोळा केलं. शेगडीसाठी प्रत्येकानं घरून कोळसा आणायचा. तिकीट काढून कुणी ऐकलं नसतं असं नवंकोरं संगीत त्यांनी वाजवलं, आणि लोकांनी ते घरी कपड्यांना इस्त्री करता करता ऐकलं. हे सगळं त्यांना जुन्या वादकांनी सांगितलेलं. पुढे खर्च कमी करायचा म्हणून शेजारच्या शहरातला ऑर्केस्ट्रा आणि हा, असे दोन्ही मिळून एक केले. हेल्गाबाई रागानं बाहेर पडल्या. शेजारी बसून त्यांच्याच स्टँडवरची स्वरलिपी वाचणारी जोडीदारीण इंग्रिड मात्र राहिली.

"मी तिला घरभेदी म्हटलं. त्यानंतर आम्ही बोललो नाही."

"मग आता ऐकायला काय हरकत आहे?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "वाईट वाजवलं तर मला वाईट वाटेल. आणि चांगलं वाजवलं तर त्याहून वाईट."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

परतताना अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की माझा चष्मा हॉटेलातच राहिला. गाडी मागे फिरली. "आता उशीर झाला, राहू दे," हेल्गाबाई म्हणाल्या. सुटका झाल्यासारखा त्यांचा आवाज एवढा हलका झाला की माझ्या लक्षात आलं, तिकीट पर्समध्ये आहे, मनातून त्या जायला निघाल्याच होत्या.

लतीफनं आरशातून पाहिलं. "काका, बाईंना बोला, उशीर मी होऊ देणार नाय. यल्ला (चला)!"

आम्ही वेळेत पोचलो. दारावर माझंही तिकीट काढलं आणि सुदैवानं शेजारची खुर्ची मिळाली. कोणती रचना होती ते विचारू नका, नाव मला उच्चारता येत नाही. पण संथ भागात व्हायोला एकत्र उतरले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एवढा स्वच्छ सूर मी आयुष्यात दोन-चारदाच टेपवर घेतला असेल. शेजारी बघायचं धाडस झालं नाही. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं, हेल्गाबाई बसूनच.

"इंग्रिड नाहीये," त्या म्हणाल्या.

मागच्या दाराशी एका तरुण वादकानं सांगितलं, इंग्रिडबाई गेल्याच वर्षी निवृत्त झाल्या. त्यानं नंबर दिला. गाडीत बसल्या बसल्या हेल्गाबाईंनी तो फिरवला. लतीफनं न सांगता गाणी बंद केली. पुढे सगळं जर्मनमध्ये. एकदा त्या रडल्या, दोनदा हसल्या.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "पहिलं काय म्हणाल्या त्या?"

"विचारलं, व्हायोला कसे वाजले. मी म्हटलं, चांगले. आपल्यापेक्षाही चांगले." 

महिन्याभरानं घरी परतलो. आता एक कबूल करतो. निवृत्त झाल्यापासून मी आमचं केंद्र एकदाही लावलं नव्हतं. 'त्यात आता काय राहिलंय' असं गावभर सांगत होतो, तेही न ऐकता. दुसऱ्या दिवशी सकाळी लावलं. कुणी नवी मुलगी निवेदन करून नाट्यगीतं लावत होती. चूक सापडेल म्हणून अर्धा तास कान लावून बसलो. सापडली नाही.

स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "कशी आहे हो नवी मुलगी?"

"चांगली आहे," मी म्हणालो. म्हणायला जरा जड गेलं, पण म्हणालो.