छत्तीस नंबरची दाढ

"या, सगळे इकडे या. असं तोंड पुस्तकात सापडणार नाही."

डॉक्टर मॅडमनी हे म्हटलं तेव्हा ते तोंड माझं होतं. देवबागच्या शाळेत दातांचं शिबिर होतं, शहरातून आलेलं. मी प्लास्टिकच्या खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. ओठ ताणून धरायला तोंडात प्लास्टिकची कडी घातलेली. सात-आठ शिकाऊ पोरं-पोरी वाकून बघत होती. एकाने मोबाइल काढला. लाळ गळ्यावरून पदरात उतरत होती आणि ती पुसायलाही कुणी मला हात हलवू देईना.

कडी काढल्यावर मॅडमनी विचारलं, "दात कशाने घासता?"

"रोज मशेरी लावते."

हसले सगळे. "आणि पुढच्या दाताला ही खाच? बाटल्या उघडता की काय?" परत हसले. रांगेतल्या आमच्याच वाडीतल्या बायकाही हसल्या. ते जास्त लागलं.

खाच तंगुसाची आहे, जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याची. मी जाळी दुरुस्त करते. दोन्ही हात गाठीत अडकलेले असतात, मग तंगुसाचा दोरा दातानेच तोडायचा. आईने तोडला, मी तोडते. अशाच जाळ्यातली मासळी दुपारी त्या सगळ्यांनी चाटून पुसून खाल्ली. आणि मशेरी? दाढ दुखायची म्हणून आईने ती जाळलेली तंबाखू माझ्या बोटावर दिली. हिरडी बधिर होते, ठणका थांबतो. आम्ही त्यालाच औषध समजलो. पण हे मी तेव्हा बोलले नाही. तोंडाला पदर लावला आणि पुढे वर्षभर तो काढला नाही.

माझ्यामागून माझ्या मुलीला बसवलं. सात वर्षांची. मॅडमनी आत डोकावून इंग्रजीत काहीतरी म्हटलं, कार्डावर लिहिलं, हातात बोटाएवढी टूथपेस्ट दिली. "पुढचे." कार्ड मी कपाटात जपून ठेवलं. डॉक्टरांचं होतं ना. काय लिहिलंय ते विचारायची मात्र हिंमत झाली नाही.

दोन महिन्यांनी मुलगी म्हणायला लागली, "आये, दाढ दुखता गो."

"दुधाची ती. पडतली, नवी येतली." मी अगदी खात्रीने सांगितलं. तिची एकही दाढ पडली नव्हती, मग ही पक्की कुठून असणार? फारच रडली तेव्हा माझ्याच डबीतली मशेरी तिच्या दाढेला लावली. आठवलं की माझी मलाच चीड येते.

पुढच्या वर्षी तीच मॅडम, तीच खुर्ची. मुलीच्या तोंडात कडी गेली. "अरेरे! या, सगळे या." मोबाइल वर झाले. पोरीने डोळे घट्ट मिटून घेतले.

मी उठले. कडी काढून टेबलावर ठेवली. "फोटो नाय."

"अहो बाई, आम्ही फुकट तपासतोय."

डॉक्टरांपुढे आम्ही शुद्ध बोलतो. त्या दिवशी शुद्ध आलं नाही. "फुकट तपासतास म्हणान माझ्या चेडवाचा तोंड तुमचा झाला काय?"

मी जुनं कार्ड पुढे धरलं. "ह्या काय लिवलास ता सांगा."

मॅडम घड्याळ बघायला लागल्या. एका शिकाऊ मुलीने कार्ड घेतलं. हळूच म्हणाली, "छत्तीस नंबर म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे येते. आधी काही पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाची वाटते. ही पक्की आहे, ताई. गेली की परत येत नाही." मग आवाज अजून उतरला. "गेल्या वर्षी बारीक कीड होती. तेव्हाच भरली असती तर..."

म्हणजे माहीत होतं. वर्षभर आधी माहीत होतं. मला दोन वाक्यं सांगायला यांना वेळ नव्हता, हसायला होता.

दाढ गेली. मालवणला नेऊन काढावी लागली. आठव्या वर्षी, जन्मभराची दाढ.

त्या शिकाऊ मुलीला मात्र मी त्या दिवशी सोडलं नाही. टेबलावर हारानारळाशेजारी प्लास्टिकचा मोठा जबडा मांडला होता, उद्घाटनाच्या फोटोसाठी. तो तिच्या हातात दिला. म्हटलं, दाखव. ब्रश तिरका धरायचा, हिरडी आणि दात जुळतात तिथे. हळू, गोल. आतल्या बाजूनेही. झोपायच्या आधी तर चुकवायचंच नाही. दोन मिनिटांत दाखवून झालं. एवढ्यासाठी दोन शिबिरं गेली.

मशेरीची डबी मी खाडीत फेकली. आठ दिवस डोकं ठणकत होतं, घरात सगळ्यांवर खेकसत होते. नवी डबी आणली नाही. जाळ्याच्या टोपलीत कात्री ठेवलीय.

परवा निरोप आला, शिबिर पुन्हा आहे. वाडीतल्या बायकांना मी सांगून ठेवलंय. आधी त्यांनी शिकवायचं, मग आपण तोंड उघडायचं. कार्ड मराठीत. मोबाइल खिशात. खुर्चीशेजारी मी उभी राहणार आहे, तोंडावर पदर न घेता. खाच दिसते तर दिसू दे.

सहाव्या वर्षी येणाऱ्या तशा चार पक्क्या दाढांपैकी तीन माझ्या पोरीच्या तोंडात उरल्यात. त्यांचं काय ते मला समजेल असं सांगायचं, आणि मगच पुढचं नाव पुकारायचं.