पायगाडी निघाली समुद्राला

गल्लीत तिला सगळे पायगाडी म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई, कारण नाव खोटं नव्हतं. बाईला गाडी लागायची. आणि लागायची म्हणजे कशी, तर नुसती उभी असलेली बस दिसली तरी हिच्या पोटात ढवळायला लागायचं. टॅक्सी, बस, लिफ्ट, जत्रेतला पाळणा, जे जे म्हणून हलतं त्याचं तिला वावडं. म्हणून तिने अख्खं आयुष्य पायाच्या टप्प्यात बसवलं होतं. नोकरी धरली ती दवाखान्याच्या धुलाईखात्यात, चादरी धुवायची आणि इस्त्री करायची, कारण दवाखाना चालत जाण्यासारखा. नवराही केला तो दोन गल्ल्या सोडून राहणारा. तो फरशी बसवायचं काम करी आणि चारचौघांत छाती काढून सांगे, "हिने काय माझं रूप बघितलंय होय? माझं घर जवळ होतं, म्हणून माझा नंबर लागला." त्यावर ती म्हणे, "तरी मधे चढ आहेच की!"

त्यांना एकच मुलगी, आणि ती निघाली आईच्या अगदी उलट. शाळेच्या बसमध्ये दांडा न धरता उभी राहायची, वळण आलं की हात पसरायची. आई फुटपाथवरून ओरडायची, "धरून उभी राहा गं!" बस कोपऱ्यावरून वळेपर्यंत ओरडायची. पोरगी काचेतून हसायची. पुढे ती नोकरीसाठी समुद्रकाठच्या एका गावी गेली, तिथे कुणीतरी तिला फळीवर उभं केलं, आणि मग नोकरी गेली उडत. आता ती सर्फिंग शिकवते. म्हणजे काय, तर माणसाहून लांब फळी घेऊन पाण्यात आत जायचं, मागून लाट उठली की फळीवर उभं राहायचं आणि लाटेबरोबर काठाला यायचं. यावर कुणाचं पोट भरतं, हे तिच्या बापाला पटायला बरेच दिवस गेले. तिने फोनवर व्हिडिओ पाठवले. आईने मोठ्या हौसेने बघायला घेतले आणि अर्ध्यातच फोन नवऱ्याच्या हातात कोंबून बाथरूमकडे पळाली. लाट फोनमध्ये हलली, तरी हिला लागली! आता काय बोलायचं?

अशात एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. मोसम संपला की तिला दूर परदेशी, एका मोठ्या सर्फिंगच्या शाळेत शिकवायला बोलावलं होतं. विमानाने जायचं. परत कधी, ते तिलाच ठाऊक नव्हतं. "जायच्या आधी घरी येऊन जाईन," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "पण आई, तू मला लाटेवर कधी बघितलंच नाहीस गं. कुठकुठली माणसं बघून गेली. तू तेवढी राहिलीस."

फोन ठेवल्यावर ती कपड्यांच्या घड्या घालत बसली. घातलेल्याच घड्या मोडून पुन्हा घालत होती. शेवटी नवऱ्याला म्हणाली, "मी तिथे जाणार. तिला एकदा डोळ्यांनी बघणार आणि तोंडावर सांगणार, जाऊ नकोस म्हणून. फोनवर सांगितलं तर हसण्यावारी नेईल, आणि घरी येईल तोवर तिकीट काढलेलं असेल. समोर उभं राहून सांगितलं, तर नाही मोडायची माझा शब्द."

"सांग की," नवरा म्हणाला. "पण आधी पोच तरी."

झालं. दुसऱ्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. तिचा धाकटा भाऊ गॅरेज चालवायचा. त्याच्याकडे एक जुनी पावाची गाडी पडून होती, उंच, लांब, आत माणूस ताठ उभा राहील अशी. तो म्हणाला, "ताई, तुझं पोट कुठे नाही म्हणेल याचा नेम नाही. ऐन रस्त्यात लॉज कुठे शोधणार? त्यापेक्षा घरच चाकांवर चढवू. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. पोट बिघडलं की तिथेच मुक्काम." परदेशात लोक हौसेने अशा घरगाड्या घेऊन समुद्रावर जातात म्हणे. इथे हौस कसली, नाइलाज होता.

पण गाडीला वास होता. इतकी वर्षं पाव आणि केक वाहिलेले. पत्र्यात व्हॅनिलाचा गोड वास असा मुरलेला की दार उघडताच तिने नाकाला पदर लावला. धुतली, घासली, उन्हात उघडी ठेवली. वास जागचा हलेना. तेव्हा नवरा म्हणाला, "माझ्यावर सोड." आणि दार लावून घेऊन कामाला लागला.

ज्या दिवशी त्याने तिला आत बोलावलं, त्या दिवशी ती बघतच राहिली. गाडीच्या आत त्याने फरशी बसवली होती! खाली राखाडी, भिंतींना कमरेपर्यंत फिकट निळ्या टाइल्स, सांधे दोरीसारखे सरळ, कोपरे असे की बोट फिरवावं. वासाचं नाव नाही. घरातल्या बाथरूमची फरशी लग्नापासून उखडलेली, त्याबद्दल बोलून बोलून तिची जीभ झिजली होती, आणि इथे या माणसाने गाडीत महाल बांधला होता. रागवावं की रडावं, तिला कळेना. "माझ्यासाठी केलंत?" एवढंच ती म्हणाली.

"मग काय पावासाठी?" तो म्हणाला.

भाऊ आला, त्याने गाडीला एक चक्कर मारली आणि कपाळाला हात लावला. "भावोजी, ही गाडी आहे की बाथरूम? मागचे स्प्रिंगचे पाटे पार बसलेत!"

"बसणारच. पक्कं काम आहे," नवरा ऐटीत म्हणाला. जन्मभर न हलणाऱ्या घरांत काम केलेला माणूस. आपलं काम चालू लागलं तर त्याचं काय होईल, हे त्याच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

तिघं पुढे बसले, चालवायला नवरा, ती खिडकीशी. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक होता. पुढची चाकं गेली, मागची आदळली, आणि मागे जो काही आवाज झाला तो सांगण्यापलीकडचा. एक भिंत पडली, मग दुसरी, मग थोडं थांबून, आठवण झाल्यासारखी, एक शेवटची टाइल. नवऱ्याचं तोंड असं झालं होतं की तिला हसू आवरेना. ती हसली, भाऊ हसला, शेवटी तो स्वतःही हसला. हसता हसता तिने बाहेर बघितलं. गल्ली मागे पडली होती, चौक मागे पडला होता, दवाखाना मागे पडला होता. आणि पोट गप्प होतं.

"अगं बाई!" ती ओरडली. "मी गाडीत बसलेय!"

म्हटल्याबरोबर पोटाला आठवलं, आणि गाडी थांबवावी लागली. पण ती जी काही मिनिटं तिने चोरली होती, त्यांनी तिची भीड चेपली.

टाइल्स काढून टाकल्या, मोजक्या तेवढ्या शेगडीमागे राहिल्या. वास तोवर चुन्या-सिमेंटने मारलाच होता. मग सराव सुरू झाला. रोज कामावरून आल्यावर थोडं पुढे, थोडं आणखी पुढे. गल्ली दारात उभी राहून टाळ्या वाजवायची. मुलीने फोनवर सांगितलं, "आई, पायाकडे बघायचं नाही. लांबची, न हलणारी एखादी गोष्ट पकड आणि नजर सोडू नकोस. मी नवशिक्यांना हेच सांगते." त्यातूनच बेत ठरला. सोसवेल तितकं गाडीत बसायचं. सोसेनासं झालं की उतरून चालायला लागायचं. नवरा गाडी पुढे नेऊन सावलीत लावील, चहा टाकील, ती पोचली की पुन्हा बसायचं. भाऊ म्हणाला, असं कुणी समुद्राला जातं का? ती म्हणाली, मी जाते.

आणि ती खरंच गेली. मोसम संपायच्या आत पोचायचं होतं, नाहीतर सगळंच मुसळ केरात. पाण्याची टाकी, टेकडी, कारखान्याची चिमणी, जे लांब दिसेल ते नजरेने घट्ट धरून ती पुढच्या सीटवर बसायची. नाहीच जमलं की खिडकीवर थाप मारायची. मग रस्त्याच्या कडेने चालताना ती आपलं वाक्य घोकायची. जाऊ नकोस. कधी दटावून म्हणून बघायची, कधी रडका आवाज काढून. ट्रकवाले हॉर्न वाजवून जायचे. रात्री पलंगावर पडल्यावर नवरा म्हणायचा, "पाठ झालं का गं?" आणि ती पाठ फिरवून झोपायची.

शेवटचा पट्टा ती चालतच आली. समुद्र दिसायच्या आधी ऐकू आला. रस्ता वाळूच्या उंचवट्यावर चढला, ती वर पोचली, आणि तिचे पाय जागीच थांबले.

एवढं असतं? तिला कुणी सांगितलं कसं नाही? व्हिडिओत बोटभर दिसायचं ते हे होतं? या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं पाणी, आणि सगळ्याच्या पलीकडे एक सरळ रेघ. नवरा शेजारी येऊन उभा राहिला. आयुष्यभर फरशीची लेव्हल बघणारा तो माणूस त्या रेघेकडे बघून हळूच म्हणाला, "बघ तरी. कुठ्ठे म्हणून उतार नाही." तिने ती रेघ नजरेने धरली. तिच्या अलीकडे सगळं हलत होतं, उठत होतं, कोसळत होतं, झटकलेल्या चादरींसारखा फेस वाळूवर पसरत होता, आणि तिच्या पोटात काहीच होत नव्हतं.

मग तिला लेक दिसली. आत, खूप आत, फळीवर पालथी. तिच्यामागे पाणी फुगत आलं, घराएवढं झालं, आणि पोरगी उठून उभी राहिली. हात पसरले. आईचं तोंड आपोआप उघडलं. "धरून..." एवढंच बाहेर आलं. तिथे धरायला काहीच नव्हतं. एवढा तो डोंगर मागून कोसळत होता आणि तिची लेक काहीही न धरता, पायाकडे न बघता, लांब बघत सरळ तिच्याकडे येत होती. हिला आपण जन्म दिला? आपण, पायगाडीने?

लाट विरली. मुलीने काठावरची दोघं ओळखली, फळी तिथेच टाकली आणि ओरडत पळत आली. ओलीचिंब मिठी मारली. "आई! आलीस! तू आलीस!" आईने तिचे केस मागे सारले, तोंडावरून हात फिरवला. खारट हात तसाच राहिला तिच्या गालावर. वाक्य जिभेच्या टोकावर होतं, वाटभर घोकलेलं.

"पुन्हा एकदा दाखव," ती म्हणाली.

"आत्ता? अगं, दमलेय मी."

"जा. मी आहे इथे उभी."

पोरगी हसली, फळी उचलून पुन्हा पाण्यात शिरली. एक लाट तिच्या अंगावरून गेली, ती पलीकडे निघाली. मग दुसरी. नवरा सरकून बायकोच्या पुढ्यात आला, आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, जाऊ नकोस म्हणून सांगायचं राहिलं की."

"अहो, बाजूला व्हा," ती म्हणाली. "ती दिसत नाहीये मला."