आमचे अंगठेबहाद्दर

माझा धाकटा भाऊ फ्रिज दुरुस्त करतो. चांगला शिकलेला, अक्षर मोत्यासारखं, तरी नात्यातले सगळे त्याला अंगठेबहाद्दर म्हणतात. मोबाइलवर काहीही आलं की पहिली ओळ वाचायची आणि अंगठ्याचं चित्र धाडून मोकळं व्हायचं, हा त्याचा खाक्या. एकदा एका बाईंनी लिहिलं, ‘सकाळी फ्रिज बंद पडला होता.’ खालच्या ओळीत होतं, ‘आता सुरू झालाय, येऊ नका.’ आमच्या बहाद्दरांनी अंगठा दिला, गेले, आणि धडधाकट फ्रिज खोलून बसले. बाई कामावर होत्या. त्यांच्या सासूबाईंनी वर चहा पाजला.

भावजय गेल्यापासून घरात तो आणि लेक, दोघंच. मागच्या वर्षी लेकीला दूरच्या शहरात नोकरी मिळाली. तोंडाने विचारायचा धीर होईना, म्हणून पोरीने लांबलचक मेसेज लिहिला. सुरुवात, ‘बाबा, जेवलात का?’ शेवटी, ‘तुम्हाला एकटं वाटणार असेल तर मी नाही म्हणून कळवते.’ साहेब तेव्हा कुठल्याशा फ्रिजमागे आडवे. अंगठा गेला. पोरीने नोकरीला होकार कळवला आणि बॅग काढली.

संध्याकाळी बॅग बघून याची झोप उडाली. माझ्यासमोर बसून त्याने तो मेसेज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. आता हा मोडता घालणार, म्हणून मी भांडायला कंबर कसली.

“ताई, वाचलं असतं तर मी अंगठा दिला नसता गं,” एवढंच तो म्हणाला. मग बॅगेची अडकलेली चेन तेल लावून सरकवत बसला. पोरीला यातलं काही सांगायचं नाही, अशी मला ताकीद दिली. मला भरून आलं, पण त्याला ते दाखवेन तर शपथ.

हल्ली स्वारी सुधारली आहे. लेकीचा मेसेज आला की चष्मा पुसून दोनदा वाचतो. परवा त्याने स्वतःच पानभर लिहिलं. नळ गळत होता तो दुरुस्त केला, डब्यातली भाजी फार तिखट असते, आणि शेवटी, घर फार शांत वाटतं. लेक कामात होती. लगेच उत्तर आलं, नुसता अंगठा.

तो मोबाइल घेऊन माझ्या दारात हजर.

“ताई, हिने शेवटपर्यंत वाचलं असेल का गं?”

“खाण तशी माती,” मी म्हटलं.

तो हसला, पण मोबाइल काही खाली ठेवला नाही.