चार दिवसांची सुट्टी मी रद्द केली

साठाव्या वर्षी, म्हणजे आताच्या मानानं मी तरुण असताना, एका मुलीची दर महिन्याची सुट्टी मी रद्द केली. ती सुट्टी आहे हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, मी तिला कैदेतून सोडवते आहे. एवढं करून गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण ही गोष्ट मी पुढं दोन-तीन शाळांमध्ये भाषणात उदाहरण म्हणून सांगितली आणि टाळ्याही घेतल्या.

त्या टाळ्या माझ्या कानात होत्या तोवरच एका दुपारी दत्ताभाऊ माझ्या नारायणगावच्या दवाखान्यात आले. बसले नाहीत. खिशातून गोळ्यांच्या स्ट्रिप काढून टेबलावर ठेवल्या.

"घ्या मॅडम तुमच्या गोळ्या. आमाला नको आता."

"झालं काय?"

"गोळ्या बी नको अन् साळा बी नको. दिवाळी झाली की पोरीला तिच्या मावशीकडं पेठला धाडतो. तिथं घरात राहील, भाकरी-कालवण शिकंल."

त्यांच्या मागं त्यांची बायको सुरेखा उभी होती. रडून डोळे सुजलेले. तिच्या मागं समीक्षा, वय चौदा, नववीत. ती माझ्या वजनकाट्यावर एक पाय ठेवून काटा नाचवत होती आणि आपल्याबद्दल काही चाललेलंच नाही असा चेहरा करून सगळं ऐकत होती.

मी लहान मुलांची डॉक्टर. आता दवाखाना सुनेकडं दिला आहे, ती पण डॉक्टरच. आठवड्यातून दोन दुपारी मी जाऊन बसते आणि तिच्या कामात लुडबूड करते. समीक्षा माझ्याकडं पहिल्यांदा आली ती तिसरीत असताना. येडगावला धरणाच्या पाण्याकाठी त्यांची शेती. ऊस, टोमॅटो, थोडा कांदा. तक्रार अशी की पोरगी एका जागी बसत नाही, सांगितलेलं अर्ध्या वाटेत विसरते, दुसऱ्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर देते. पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं आणि ADHD असल्याचं सांगितलं.

दत्ताभाऊंनी तेव्हा विचारलं होतं, हे काय असतं. मी त्यांना त्यांच्याच वावरातलं उदाहरण दिलं. टोमॅटो तोडायला वीस बायका आल्यात, सगळ्या कामाच्या आहेत, पण मुकादम आलेला नाही. मग कोणी या सरीत, कोणी त्या सरीत, दोघी बांधावर गप्पा मारतात. या पोरांच्या डोक्यात माणसं भरपूर असतात, कुणी कुठं लागायचं ते सांगणारा मुकादम तेवढा उशिरा येतो. गोळी त्या मुकादमाला वेळेवर आणते.

"मंजी पोरगी येडी न्हाई," ते म्हणाले होते.

"मुळीच नाही."

"मग ठीकंय."

गोळी लागू पडली. पुढची काही वर्षं बरी गेली. शाळेच्या खो-खोच्या संघात ती पहिल्या तिघींत पळायला उतरायची. हुलकावणी देण्यात तिचा हात कुणी धरत नसे, कारण आपण पुढच्या क्षणी कुठं वळणार हे तिचं तिलाच माहीत नसायचं.

मग तिची पाळी सुरू झाली. आणि इथं मी आले.

त्यांच्या घरात बाजूला बसायची पद्धत होती. स्वयंपाकघर बंद, देवघर बंद, कशाला शिवायचं नाही. कांदा साठवायच्या बराखीला लागून एक खोली होती. तिथं अंथरूण, तिथंच ताट. सुरेखाने हे मला सहज बोलता बोलता सांगितलं आणि माझ्यातली समाजसुधारक खुर्चीतून उठली. मी तिला विज्ञान सांगितलं, शरीरशास्त्र सांगितलं, संविधानसुद्धा सांगितलं असावं. सुरेखाला ते मनापासून पटलं, कारण तिनं स्वतः ती खोली वीस वर्षं भोगली होती. घरी जाऊन ती सासूशी भांडली. जिंकली. खोलीत खताच्या गोण्या रचल्या आणि बाजूला बसणं कायमचं बंद झालं.

त्या दिवशी मी सुनेला म्हटलं, "बघ, बदल असा घडवायचा असतो." सुनेनं पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ती शहाणी आहे.

त्यानंतर समीक्षा बिघडत गेली. चिडचिड, उलट उत्तरं, दप्तर शाळेत विसरणं, दूध उतू जाणं. एकदा वर्गात स्कर्टला डाग पडला, पॅड बरोबर न्यायचं ती विसरली होती. मुली हसल्या. तिनं एकीला कंपासपेटी फेकून मारली. मी पुण्याला फोन करून सांगितलं की वजन वाढलंय, डोस वाढवूया. वाढवला. तिची भूक गेली, झोप गेली, चिडचिड तशीच राहिली.

आणि आता हे. दत्ताभाऊंनी उभ्या उभ्याच सांगितलं. आदल्या आठवड्यात आई ओरडली, दूध पुन्हा उतू गेलं म्हणून. पोरगी पायात चप्पलसुद्धा न घालता घराबाहेर पडली आणि तिन्हीसांजेला उसातून सरळ पाण्याकडं चालत गेली. त्याच उसाच्या कडेनं त्याच्या दोनच दिवस आधी बिबट्यानं शेजाऱ्याचं कुत्रं उचललेलं.

"मोटारीच्या खोलीपाशी घावली. बसली व्हती. पाय रक्तानं भरलेलं. मी टॉर्च मारला तर मला म्हणती, पप्पा, लाईट बंद करा, डोकं दुखतंय." त्यांनी टेबलावरच्या स्ट्रिप उगाच सरळ केल्या. "बिबट्यानं नेली असती मंजी? पेठला मावशीचं घर भर गावठाणात हाय. आजूबाजूला ऊस न्हाई."

या बोलण्यात मला चूक काढता येईना. घाबरलेला बाप होता. शाळा बंद करणं हे त्याला कुंपण घालण्यासारखं वाटत होतं. उत्तर नसलं की मी पूर्वी भाषण करायची. त्या दिवशीही तोंड उघडलं होतं, तेवढ्यात वजनकाट्यावरून समीक्षा म्हणाली, "माझ्याशी कुणी बोलणारे का?"

मी दोघांना बाहेर चहाला पाठवलं.

"बोल."

"तुम्ही माझी खोली बंद केली."

"कुठली खोली?"

"बराखीजवळची. चार दिवस मस्त होते माझे. आता तिथं युरिया आहे."

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. "अगं, तिथं तुला वेगळं बसवायचे. विटाळ म्हणून."

"ते म्हणू द्या ना. तिथं मला कोणी काही सांगत नव्हतं." मग ती बोटं मोडत भराभर बोलत सुटली. "समे पाणी आण, समे कणीक मळ, समे गॅस बघ, समे आजीला औषध दे, समे परत विसरलीस का. दिवसभर चालू असतं. त्या खोलीत कुणी यायचंच नाही. आई ताट ठेवायची अन् जायची. मी झोपायची, नाहीतर भिंतीवर चित्रं काढायची. डोकं शांत व्हायचं."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे चालतात. त्याच्या आधीचा आठवडा लई घाण असतो. चार टीव्ही लावल्यासारखं वाटतं डोक्यात. गोळी घेतली तरी. म्हणजे गोळी घेतलीये का नाही तेच कळत नाही."

वैद्यकीय शिक्षणावर माझी बरीच वर्षं गेली आहेत. महिन्यातले कोणते दिवस गोळी काम करत नाही, हे मी त्या मुलीला एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते तिच्या आईला. तेही, "गोळी नियमित देता ना?" एवढंच.

सुरेखाला आत बोलावलं. भांडणं कधी होतात, विचारलं. ती बोटांवर दिवस मोजू लागली.

"पाळी यायच्या आधीच हो मॅडम. नेहमी. उसात गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी आली तिला." मग खालच्या आवाजात म्हणाली, "आधी ती बाजूला बसायची तेव्हा भांडण तिथंच मिटायचं. मला पण चार दिवस कुणावर ओरडायला लागायचं नाही. माझंबी डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. परवा मोबाईल फ्रीजमध्ये ठेवला. सगळ्या गावाला मिस्ड कॉल द्यायला लावले."

समीक्षा खुदकन हसली. आईही हसली. कितीतरी महिन्यांनी दोघी एकाच गोष्टीवर हसल्या असाव्यात. सुरेखाचं वय बेचाळीस, तिची पाळी मागंपुढं व्हायला लागलेली. एका घरात एकीचं सुरू होत होतं, दुसरीचं मावळत होतं, आणि चूल एकच.

दत्ताभाऊ आत आल्यावर मी पुन्हा मुकादमाकडं वळले. बाईच्या अंगात एक संप्रेरक असतं, इस्ट्रोजेन. ते मुकादमाचा मदतनीस. महिन्यातले काही दिवस ते भरपूर असतं, तेव्हा काम सुरळीत चालतं. पाळीच्या आधी ते एकदम उतरतं. मग काही मुलींमध्ये, सगळ्यांमध्ये नाही, मुकादम दिसेनासाच होतो आणि गोळीलाही तो सापडत नाही. वयात येताना हा चढउतार नवा असतो. पोरगी उद्धट झाली असं घराला वाटतं, आणि आपण वाईट आहोत असं पोरीला.

"मंजी काय, परत बाजूला बसवायची?" दत्ताभाऊ म्हणाले. "तुमीच बंद करायला लावलं व्हतं ना?"

"लावलं होतं. बाजूला बसवायचं नाही. सुट्टी द्यायची."

"फरक काय त्यात?"

"स्वयंपाकघर, देवघर, अंगण, सगळं तिला उघडं. पण युरिया हलवा आणि ती खोली तिला द्या. कडी आतून. आत जायचं का, कधी जायचं, बाहेर कधी यायचं, ते ती ठरवणार. डोकं फिरलं की ऊस नाही, खोली."

ते बायकोकडं वळले. मी घाई करून उरलेलं सांगितलं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात घरातली कामं निम्मी. एका वेळी एकच काम सांगायचं, तेही समोर जाऊन, चुलीपाशी बसून हाका मारून नाही. पॅड दप्तरात आईने ठेवायचं, पोरीच्या आठवणीची परीक्षा घ्यायची नाही. खो-खो चालू, पळाल्यावर तिचं डोकं शांत होतं. वाढवलेला डोस कमी करायचा आणि त्या आठवड्याचं वेगळं काय करता येईल ते पुण्याच्या डॉक्टरांना मी विचारणार.

"अन् साळा?"

"दिवाळीपर्यंत बघा. फरक पडला नाही तर पेठला सोडायला मी स्वतः येते."

त्यांनी टेबलावरच्या स्ट्रिप उचलून खिशात घातल्या.

पहिल्या महिन्यात काही जमलं नाही असंच म्हणावं लागेल. दत्ताभाऊ स्वतःच विसरले आणि टोमॅटोच्या क्रेटवरून पोरीवर ओरडले. ती ताडकन उठली. पुढचं सुरेखाने मला फोनवर सांगितलं. समीक्षा फाटकाकडं चार पावलं गेली, थांबली, वळली, आणि खोलीत जाऊन तिनं कडी लावली. आतून काहीतरी भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. दत्ताभाऊ बाहेर ओट्यावर बसून राहिले. दार उघडल्यावर म्हणाले, "जेवतीस का?" ती म्हणाली, "हो. पण बोलू नका." दोघं न बोलता जेवले.

दिवाळी झाली. पेठला फक्त फराळाचा डबा गेला. भांडणं पूर्ण थांबली नाहीत, कुणाच्या घरात थांबतात. पण समीक्षा पुन्हा उसात गेली नाही, आणि शाळेतून तिचं नावही निघालं नाही. दहावी झाली, बारावी झाली. आता ती मंचरला कॉलेजात आहे. खोलीच्या भिंती चित्रांनी भरल्यात. सुरेखाही कधीकधी तिथं कडी लावून बसते असं ऐकते.

भाषणं मी अजून करते, खोड जात नाही. मागच्या महिन्यात एका शाळेत आठवी-नववीच्या मुलींपुढं बोलले आणि मदतीला समीक्षाला बरोबर नेलं. हीच सगळी गोष्ट सांगितली, या वेळी माझ्या मूर्खपणासकट. लांबली थोडी. बाहेर आल्यावर गाडीत बसता बसता मी तिला विचारलं, कसं झालं. तिनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली,

"भारी बोललात आजी. पण तेव्हा आधी मला विचारलं असतं, तर आज एवढं बोलावं लागलं नसतं."