गोगलगायींची शंभर टक्के हजेरी

माझे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, एका मोठ्या कंपनीत हजेरीप्रमुख होते. मुख्य दारातून आत शिरलं की उजव्या हाताला त्यांची काचेची खोली. आत येणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोरून जाई आणि जाताना आपोआप पोट आत घेई. दाजींचं तत्त्व सरळ होतं. माणूस जागेवर दिसला की काम चालू आहे, दिसला नाही की बंद आहे. जागेवर बसून शब्दकोडी सोडवणाऱ्या एका गृहस्थाला त्यांनी वक्तशीरपणाचं प्रशस्तिपत्र दिलं होतं. आणि गोदामात उतरून घामाघूम होईपर्यंत माल लावणाऱ्याला, खुर्ची रिकामी दिसली म्हणून, समज.

ते निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना माशांची काचेची टाकी भेट दिली. "साहेबांनी आम्हाला आयुष्यभर काचेतून पाहिलं. ती सवय एकदम सुटू नये," असं कुणीतरी भाषणात म्हणालं. टाळ्या जरा जास्तच वाजल्या. दाजी गहिवरले.

टाकी बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी आली. तळाला बारीक वाळू, मागे हिरव्या वनस्पती, मध्ये केशरी-पांढरे मासे आणि कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा फिल्टर. ताईने पहिल्याच दिवशी बजावलं, "शोभा आहे तोवर राहील. वास आला की जिन्याखाली. तुम्हालाही सांगतेय आणि माशांनाही."

दाजींचं लक्ष मात्र टाकीत नव्हतं, कंपनीत होतं. तिथे निवृत्तांपैकी एखाद्याला सल्लागार म्हणून परत बोलावण्याची पद्धत होती. रोज अर्धा दिवस, स्वतंत्र खुर्ची, दारावर पाटी. त्यांच्या जागी आलेले नवे साहेब सवडीने घरी येऊन बोलणार होते. त्या खुर्चीवाचून आपण नुसते घरी बसलेले गृहस्थ आहोत, ही कल्पना दाजींना सहन होत नव्हती. सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसत. ताई झाडू घेऊन आली की म्हणे, "पाय वर घ्या, प्रमुख."

अशात एके सकाळी त्यांना टाकीच्या काचेवर गव्हाएवढी, टोकदार शंखाची एक गोगलगाय दिसली. जवळ जाऊन चष्मा लावेपर्यंत ती वाळूत शिरून नाहीशी झाली.

दाजी तडक शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. मी त्या दिवशी त्यांच्याकडे गेलो होतो, म्हणून मलाही जावं लागलं.

"वनस्पतींबरोबर आल्या असतील," दुकानदार एका गिऱ्हाइकाची पिशवी बांधता बांधता म्हणाला. "वाळूत राहतात त्या. राहू द्या. वाळू खालीवर करतात, माशांचं उरलेलं खातात."

"पण दिसत नाहीत."

"अंधार पडला की वर येतात."

"म्हणजे दिवसा कामावर नाहीत?"

दुकानदाराने वर पाहिलं. "काका, वाळूच्या आतच तर त्यांचं काम आहे."

"असं त्या म्हणतात," दाजी म्हणाले.

घरी परतताना मला वाटलं, विषय संपला. पण कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर कामाचं तेज आलं होतं. हाताखाली माणसं आली होती, आणि तीही कामचुकार.

त्यांनी टाकीचा दिवा पहाटेपासून लावून ठेवायला सुरुवात केली. गोगलगायी खालीच राहिल्या, काचेवर मात्र हिरवं शेवाळं आलं. मग चमच्याने वाळू उकरून त्यांनी सापडतील तेवढ्यांना वर काढलं. चहा घेऊन येईपर्यंत सगळ्या पुन्हा आत. शेवटी त्यांनी आमिषाचा मार्ग धरला. काकडीच्या चकत्या, उकडलेलं गाजर, माशांचं खाणं दुप्पट. दिवसा येईल त्याला मिळेल.

"हा हजेरीभत्ता," त्यांनी मला समजावलं.

"मला बत्तीस वर्षांत कधी दिला नाहीत," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तू कधी गैरहजर होतीस?"

"तेच म्हणतेय मी."

भत्ता घ्यायला भर दिवसा कुणी वर आलं नाही. चकत्या वाळूवर पडून विरघळत राहिल्या. पाणी दुधाळ झालं. ताईने दोनदा नाक मुरडलं आणि दोनदा जिन्याखालची जागा झाडून घेतली. मी दाजींना म्हटलं, "ते कुजलेलं तरी काढा." ते म्हणाले, "ऐन वेळी सवलत मागे घेतली तर शिस्तीवर परिणाम होतो."

आणि मग नव्या साहेबांचा फोन आला की ते रविवारी सकाळी येत आहेत.

रविवारी मी पोहोचलो तेव्हा दाजी दारातच उभे होते. गळ्यात टाय होता. त्यांनी माझा हात धरून मला टाकीपुढे नेलं. काचेवर खालपासून वरपर्यंत गोगलगायीच गोगलगायी होत्या. एवढ्या आत होत्या याची कुणाला कल्पनाच नव्हती. लहान, मोठ्या, मोहरीएवढ्या. सगळ्यांची तोंडं वरच्या दिशेला. फिल्टर बंद होता.

"बुडबुड्यांमुळे नीट दिसत नव्हतं, म्हणून सकाळी बंद केला," दाजी कुजबुजले. "बघ. एकही सुटलेली नाही. शंभर टक्के!"

तेवढ्यात नवे साहेब आले. वयाने आमच्यापेक्षा बरेच लहान, बूट असे चकचकीत की त्यात पंखा दिसत होता. त्यांना बसायलाही न सांगता दाजींनी टाकी दाखवली आणि दिवा, भत्ता, शिस्त असं सगळं व्याख्यान दिलं.

"कमाल आहे," नवे साहेब म्हणाले. "असाच माणूस हवा आहे आम्हाला. तसं आमच्याकडेही हल्ली उत्तम चाललंय. दोन विभाग बंद होणार अशी आवई उठल्यापासून एकजणही उशिरा येत नाही. जेवायलासुद्धा उठत नाहीत. वरच्या साहेबांना वाटतं, ही शिस्त टिकवायला कुणीतरी जाणता सल्लागार असावा. तुम्ही फक्त 'हो' म्हणा."

दाजींनी 'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं, हे मी स्वतः पाहिलं. पण चहाचा ट्रे घेऊन आलेली ताई टाकीपुढे थबकली.

"अहो, मासे तोंडं वर करून काय करताहेत?"

"तेही हजर आहेत."

"हजर कसले, गुदमरताहेत!" तिने ट्रे माझ्या हातात कोंबला. "आणि या बिचाऱ्या वर यायला लागल्यात म्हणून तुम्ही टाय बांधलाय? खाली श्वास घेता येत नाही त्यांना. पळताहेत त्या! काचेच्या वर वाट असती तर एव्हाना जिन्यात दिसल्या असत्या. नळी द्या. बादली!"

पुढची काही मिनिटं त्या घरात कुणीच प्रमुख नव्हतं. ताईने कुजलेल्या चकत्या हाताने उपसल्या. दाजींनी टायसकट टाकीत वाकून नळी धरली आणि घाण पाणी बादलीत, जमिनीवर आणि बरंचसं नव्या साहेबांच्या बुटांवर गेलं. मी फिल्टर चालू केला. झाडांसाठी भरून ठेवलेलं शिळं पाणी ताईने हळूहळू आत सोडलं. एक मासा आडवा झाला होता. दाजी त्याच्याकडे असे बघत होते की मला त्यांच्याकडे बघवेना. बुडबुडे त्याच्यापर्यंत पोहोचले, त्याने शेपूट हलवलं, आणि तो वेडावाकडा का होईना, पोहायला लागला.

नवे साहेब बूट झटकत म्हणाले, "बरं, आपलं काय ठरलं?"

दाजींच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं. "तुमच्याकडे सगळे जागेवर असतात म्हणालात?"

"सगळे."

"जेवायलाही उठत नाहीत?"

"अजिबात नाही."

"मग पाणी बघा," दाजी म्हणाले.

"पाणी? कूलर बसवलाय की प्रत्येक मजल्यावर."

"तसं नव्हे. ते शिस्तीत आलेले नाहीत, वर चढलेत. जागेवर बसून दुसरीकडे अर्ज करत असतील. खाली काय कुजलंय ते आधी काढा. मग काही जण जागेवर दिसेनासे झाले तर काळजी करू नका. वरच्या साहेबांनाही हेच सांगा."

नव्या साहेबांनी एकदा दाजींकडे आणि एकदा आपल्या ओल्या मोज्यांकडे पाहिलं. चहा न घेताच ते निघाले. सल्लागाराची खुर्ची पुढे हजेरीचं यंत्र विकणाऱ्या माणसाच्या काकांना मिळाली. ते अर्धा दिवस त्या खुर्चीत झोपतात, पण हजर असतात.

पाहुणे गेल्यावर ताईने जमीन पुसली. दाजी ओल्या टायसह सोफ्यावर बसले होते. पाय वर घ्यायला तिने सांगितलं नाही, त्यांनीच घेतले.

"टाकी जिन्याखाली ठेवू?" त्यांनी विचारलं.

ताईने टाकीजवळ जाऊन मोठा श्वास घेतला. "अजून येतोय थोडा वास. पण कमी होतोय." मग फडकं पिळत म्हणाली, "राहू दे. खाणं मात्र आजपासून मी घालणार. आणि तो टाय काढा, पाणी गळतंय."

दुपारी पाणी निवळलं. काचेवरची गर्दी विरळ होऊ लागली. एकेक गोगलगाय घरंगळत खाली जाई, वाळूवर टेकली की टोकदार शंख तिरका करी आणि आत शिरे. मागे वाळू जराशी हलायची, मग तेही थांबायचं. शेवटची मोहरीएवढी उरली होती. दाजींनी खुर्ची ओढून टाकीजवळ घेतली आणि टाकीचा दिवा स्वतः बंद केला. तीही गेली.

ताईने आतून विचारलं, "काय हो, दिसतंय का कुणी?"

"नाही," दाजी म्हणाले. "कुण्णी नाही." आणि बऱ्याच दिवसांनी ते खुर्चीत सैल बसले.