रांजणाजवळची पाटी

दवाखान्यात नवं ईसीजी मशीन आलं आणि मी त्याच्या प्रेमातच पडले. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, बारामतीची. जुन्या मशीनमधून नुसती वेडीवाकडी रेघ निघायची आणि ती वाचायला डॉक्टरांची वाट बघावी लागायची. नवं मशीन रेघ काढायचं, आपली आपणच वाचायचं आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत निकाल छापून मोकळं व्हायचं. आज याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतील. आम्ही 'लिहिणारं मशीन' म्हणायचो. ते चालवणारी मी एकटीच, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका.

मशीनला फक्त घाम आणि धूळ चालत नसे. माणसं उसाच्या फडातून निघायची आणि माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपला लटकून थेट आमच्या दारात उतरायची. घामानं ओल्या मनगटावर मशीनचे चिमटे बसायचे नाहीत, रेघ थरथरायची आणि मशीन भलतंच काहीतरी छापायचं. एका धडधाकट म्हाताऱ्याला त्यानं हृदयविकार चिकटवला, तेव्हा मी पाटी रंगवली आणि दारातल्या पाण्याच्या रांजणाजवळ टांगली: 'हात, पाय, तोंड धुऊन-पुसूनच आत यावे.' डॉक्टरांपुढं मळक्या तोंडानं जाऊ नये ही आमच्याकडची रीतच. पाटीनं तिचा कायदा केला.

माझी आक्का इंदापूर तालुक्यात कळसला दिलेली, तिथल्याच शाळेत शिक्षिका. आजोबांनी धर्मांतरानंतर घरातले देव नदीत सोडले आणि पोरींना शाळेत घातलं, हे आई येईल त्याला सांगायची. त्या सांगण्याचा शेवट नेहमी आक्काच्या नोकरीपाशी यायचा. घरातली ती पहिली पगारदार बाई.

त्या वर्षी आक्काला धडधड सुरू झाली. फळ्यावर लिहिता लिहिता छातीत एकदम काहीतरी उधळायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची, दरदरून घाम फुटायचा. कधी अर्ध्या तासानं थांबायचं, कधी दीड तासानं. एकदा तर ती पोरांसमोरच खाली कोसळली. दाजी तिला जीपमध्ये घालून घेऊन आले. मी चिमटे लावले, मशीन गुरगुरलं, कागद बाहेर आला. नॉर्मल.

महिन्याभरानं पुन्हा तेच. पुन्हा नॉर्मल.

"हितं आलं की थांबतंय बघ," आक्का ओशाळून म्हणाली. ते ऐकून डॉक्टरांना वाटलं की हे मनाचं आहे. त्यांनी मन शांत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या.

मी तिला बाजूला घेतलं. "आक्का, मशीन कशाला खोटं बोलंल? उगं मनाला लावून घेऊ नकोस."

"म्हंजी मी खोटं बोलतीया?"

मी कागदाची घडी घालत बसले.

पुढच्या आठवड्यात दाजी एकटेच आले. स्वभावानं गरीब माणूस, चढ्या आवाजात बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खिशातून कागद काढून माझ्यापुढं ठेवला. आक्काच्या नोकरीचा राजीनामा, अक्षर दाजींचं, खाली सहीची जागा मोकळी.

"शाळंचा ताण झेपंना तिला," ते म्हणाले. "गावात लोक कायबाय बोलत्यात. तिसऱ्या खेपंलाबी मशीननं नॉर्मल लिहिलं, तर सही करीन म्हणलीया. तिनंच कबूल केलंय."

मला दाजींचा राग आला नाही. आक्काचाच आला, ती कबूल झाली म्हणून. आणि इतकं होऊनही मशीन चुकत असेल असं मला क्षणभरही वाटलं नाही. हे लिहिताना आज लाज वाटते.

दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशी दारात रांजण भरत होत्या. दाजी गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

"येक सांगू का? तुझी भन दाराशी येती तवा पार काळीठिक्कर पडल्याली असती. रांजणापशी चार तांबं पाणी तोंडावर मारती, आन तितनं हासत आत येती. दोन्ही खेपंला बघितलंय मी."

"ऊन लागत असंल."

"उनानं गळ्यातली शीर अशी उडत न्हाय, बाई." मावशींनी स्वतःच्या गळ्यावर बोटानं ठोके धरून दाखवले. ते मोजता येऊ नयेत इतके भराभर होते.

मी तशीच डॉक्टरांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"तोंडावर गार पाणी मारलं की काहींची उधळलेली नाडी जागेवर येते. मला हे सुचायला हवं होतं." मग म्हणाले, "ती पाटी कुणी लावली?"

"मी."

"काढा. आणि मी तिला गोळ्या दिल्या, त्याही बंद करा."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. आक्काचं दुखणं दोन्ही वेळा मशीनच्या दारापर्यंत चालत आलं होतं, आणि मी ते रांजणापाशीच धुऊन टाकायला लावलं होतं.

दाजींना निरोप धाडला: धडधड सुटली की पाणी तोंडाला लावू नका, तशीच घेऊन या. निरोप दिला खरा, पण मला घोर लागला. ज्यानं तिला बरं वाटतं तेच आम्ही बंद केलं होतं. वाटेत काही झालं तर? जीप थांबल्याचा आवाज आला की मी दाराकडं धावायचे.

अकराव्या दिवशी भर दुपारी जीप आली. आक्का दाजींच्या खांद्यावर भार टाकून उतरली. केसांत खडूची भुकटी, तोंडावर धुळीचे ओघळ, ओठ पांढरे पडलेले. पाटी कधीच काढली होती, पण सवय कुठं जाते? तिचा हात रांजणातल्या तांब्याकडं गेला. मी धावत जाऊन मनगट धरलं.

"सोड गं. अशा अवतारात डॉक्टरांफुडं?"

"अशीच चल."

"तोंड तरी धुऊ दे!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला ओढतच आत नेलं.

चिमटे घसरत होते. पहिला कागद आला, त्यावर छापलेलं: रेघ स्पष्ट नाही, पुन्हा घ्या. मी कापसानं तिची मनगटं, घोटे, छाती कोरडी केली, तोंडाला हात लावला नाही.

"अंधारी येतीया," आक्का पुटपुटली.

"दोन मिनिटं, आक्का. थांबवू नकोस, दोनच मिनिटं." धडधड थांबू नये म्हणून मी सख्ख्या बहिणीला विनवत होते.

मशीन गुरगुरलं. कागदावर रेघांचे सुळके एकमेकांना खेटून दाटीनं उतरत होते. वर छापलं होतं: अॅबनॉर्मल. तो शब्द वाचून मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिथल्या तिथं शरम वाटली.

"पाणी," डॉक्टर म्हणाले. मावशी घमेलं घेऊन उभ्याच होत्या. मी टॉवेल बुडवून आक्काच्या तोंडावर दाबला. मशीन चालूच होतं. दाट सुळके, दाट सुळके, आणि एकदम नुसती सपाट रेघ. मग एक ठोका पडला. मग दुसरा. मग ते शहाण्यासारखे ओळीनं पडू लागले.

डॉक्टरांनी कागद दाजींसमोर धरला. आजार खरा आहे, छातीतला आहे, मनातला नाही, याला औषध आहे आणि शाळा सोडायचं काही कारण नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. दाजी भिंतीकडं तोंड करून रडले. मग खिशातला राजीनामा काढून त्यांनी त्याचे बारीक तुकडे केले.

मी आक्काच्या कपाळावरचा खडू पुसत होते.

"पटलं का आता?" तिनं विचारलं. मला वाटलं, दाजींना विचारतेय. पण ती माझ्याकडं बघत होती.

"व्हय, आक्का."

"मशीननं सांगितलं म्हणून?"

मी टॉवेल पिळत राहिले. त्यातलं पाणी कधीच संपलं होतं.